कपाटात ठेवलेला आवाज

सरांची ग्रीक शब्दांची सगळी कार्डं लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिलेली होती. रामदासपेठेतल्या त्यांच्या घरी वर्षभरात जेवढ्या पत्रिका येत, तेवढ्यांची कोरी बाजू ते कात्रीनं एका मापात कापून घेत आणि बुटांच्या खोक्यात उभी लावून ठेवत. त्यामुळे एका बाजूला दोन-अडीच हजार वर्षांपूर्वीचा कुठल्याशा बेटावरचा शब्द, आणि कार्ड उलटलं की 'आमचे येथे श्रीकृपे', पुढचं कात्रीत गेलेलं. कुणाची मुलगी कुणाच्या घरी पडली ते कधी पूर्ण कळायचं नाही. आम्ही हसलो की सर म्हणायचे, "लग्न लागलं ना? मग आता कागद आपला."

ही सत्तरनंतरच्या पाच-सहा वर्षांतली गोष्ट. मी नागपुरात संस्कृत घेऊन एम.ए. करत होते. त्यात तौलनिक भाषाशास्त्राचा एक पेपर होता आणि तो सर शिकवायचे. पेपरात ग्रीक असायचं ते नावापुरतं. संस्कृतातला अमुक वर्ण ग्रीकमध्ये तमुक होतो, एवढं पाठ केलं तरी भागायचं. पण सरांना तेवढ्यानं चैन पडत नसे. वर्गात आम्ही पाच जण. त्यातले तिघे नोकरी सांभाळून येणारे. सर मात्र सभा भरल्यासारखे उभे राहून शिकवायचे, आणि तेही ग्रीक बोलींच्या व्यंजनांवर, ज्यांचा परीक्षेशी काही संबंध नव्हता.

"चार," ते म्हणायचे आणि खोक्यातून कार्ड काढायचे. "आपले चत्वारः. अथेन्समध्ये काय? तेत्तरेस. आणि अथेन्सच्या शेजारी, चालत गेलं तर दोन-तीन दिवसांच्या वाटेवर, बोइओतियात? पेत्तरेस. एकाच जुन्या ध्वनीची ही दोन लेकरं. एक 'त' झालं, एक 'प' झालं." मग समुद्र. अथेन्सचा 'थालात्ता', बाकी बहुतेकांचा 'थालास्सा'. आणि गंमत म्हणजे पुढे अथेन्सची भाषा सगळीकडे पसरली तेव्हा तिच्यातला हा 'त्त' मागेच राहिला आणि इतरांचा 'स्स' चालला. हे सांगताना सरांना फार आनंद व्हायचा. कुणाची तरी जिरल्यासारखा.

पण त्यांचा जीव खरा अडकला होता तो ग्रीकमधून गेलेल्या 'व'मध्ये. आपला 'नव', म्हणजे नवा, तो त्यांचा 'नेवोस'. पुढे 'नेओस'. मधला 'व' गेला. समुद्रापलीकडच्या व्यापारी गावांतून आधी गेला, अथेन्समधूनही गेला, पण आतल्या भागातल्या शेतकरी गावांनी तो कितीतरी काळ जपला. तिथले लोक दगडावर तो कोरत राहिले आणि शहरातले त्यांना हसत राहिले. जुनं काव्य ज्या रूपात आपल्यापर्यंत आलं त्यात हा 'व' लिहिलेला नाही. पण वृत्त मोजायला बसलं की एखाद्या ठिकाणी अडखळायला होतं, तिथं काहीतरी असायला हवं असं वाटतं. तिथं तो होता. सर ओळ म्हणून दाखवायचे आणि त्या जागेवर आले की तोंडानं काही न म्हणता टेबलावर पेन्सिलीनं एक टिचकी द्यायचे. "अक्षर गेलं. जागा गेली नाही," असं म्हणून थोडा वेळ खिडकीबाहेर बघत बसायचे. तेव्हा मला ते जरा अतीच वाटायचं. माणसानं एका व्यंजनासाठी इतकं हळवं काय व्हावं!

आता माझ्या घराबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही उत्तर नागपुरातल्या वस्तीत राहायचो. माझे आईवडील छप्पन साली दीक्षा घेतलेले. वडील गिरणीत कामाला आणि माय घरी बिड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात भिजवलेली तेंदूची पानं, हातात कात्री. पान कापायचं, तंबाखू भरायचा, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक मुडपायचं. हात चालू असले की तिचं तोंडही चालू. वस्तीतल्या चार बाया आपापली सुपं घेऊन आमच्या ओसरीवर येऊन बसायच्या त्या केवळ हिच्या गोष्टी ऐकायला. कुणाच्या सुनेनं काय केलं, लग्न होऊन आली तेव्हा सासूनं हिला कसं पाणी पाजलं, दीक्षेच्या वेळी गर्दीत हिची एक चप्पल कशी हरवली आणि ही उरलेली एक हातात धरून घरी कशी आली. कात्रीची कचकच आणि तिचं बोलणं यांना एकच ठेका होता. हात थांबले की गोष्टही थांबायची. कुणी म्हटलं, "अवं, पुढं सांग ना," की ती म्हणायची, "थांब ना वं, पानं संपले. पानं भिजू दे, मंग सांगतो."

तिच्या बोलण्यात 'ळ' नव्हता. आमच्याकडे तो पुष्कळांच्या बोलण्यात नाही. डोळे ते डोये, काळा तो काया, शाळा ती शाया. मला याची लाज वाटायला लागली ती सीताबर्डीच्या शाळेत गेल्यावर. तिथं मी 'मले' म्हटलं की मागच्या बाकावरून तीन मुली एका सुरात 'मले' म्हणायच्या. मी घरी येऊन त्याचा सूड मायवर उगवायची. ती काही बोलली की मी मधेच, "काया नाही. काळा." माय पहिल्यांदा हसायची. "तुह्या जिभेले काय झालं वं? बाजारातून नवी आणली काय?" नंतर नंतर ती हसेनाशी झाली. माझ्यासमोर बोलताना मधेच थांबायची, माझ्या तोंडाकडे बघायची, बरोबर गेलं की नाही ते. दहा-बारा वर्षांची पोर आईची परीक्षा घेत होती आणि आई ती देत होती. आज ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो. तेव्हा मात्र आपण आईला सुधारतो आहोत असं मला वाटायचं.

तर एक दिवस वर्गात सरांनी विचारलं, "'ळ'चा 'य' कुणाच्या घरी होतो?" कुणीच हात वर करेना. मी खाली बघत बसले. सर वाट बघत राहिले. शेवटी मी हात अर्धा वर केला. सर टेबलामागून बाहेर आले आणि म्हणाले, "बोइओतियाचा एक माणूस बोलताना ऐकायला मिळावा म्हणून मी माझं उरलेलं आयुष्य देईन. आणि तू रोज घरी जाऊन ऐकतेस. भाग्यवान आहेस."

त्यांनी मला काम दिलं. विभागात एक स्पूलचा टेपरेकॉर्डर होता, चांगला बारक्या पोराएवढा जड. आणि कोरा स्पूल एकच. घरच्या बोलीचा तासभराचा टेप करून आणायचा आणि त्यातले व्यंजनांतले फरक मांडायचे. "ती माणसं दगडावर लिहून गेली म्हणून आपल्याला थोडं कळतं. तुझ्याकडे तर यंत्र आहे," असं म्हणून त्यांनी माझ्या हातात मशीन दिलं.

मी मायला सांगितलं, "तुझा आवाज कॉलेजात न्यायचा आहे. सरांना ऐकायचा आहे."

"माहा?" ती म्हणाली. "माहा काहून?"

मी काय सांगितलं ते मला नीट आठवत नाही. अभ्यासासाठी, असंच काहीतरी म्हटलं असणार. तू जशी बोलतेस तशीच बोल, एवढं एक वाक्य सांगायला हवं होतं. ते मी सांगितलं नाही, कारण तसं सांगावं लागेल हेच माझ्या डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं जिला दुरुस्त करत आले, ती कॉलेजचं नाव ऐकल्यावर काय करेल, हे मला कळायला हवं होतं.

रविवारी दुपारी मी सायकलरिक्षातून मशीन घरी आणलं. घरात शिरले आणि बघतच राहिले. ओसरी शेणानं सारवलेली. सुपं, पानं, कात्र्या कुठं दिसेनात. वडिलांना तिनं बाहेर पिटाळलं होतं. शेजारून मागून आणलेली खुर्ची मधोमध, आणि तिच्यावर माय, बुद्धजयंतीची पांढरी साडी नेसून, केस चापून बसवून, दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली. दारात शेजारच्या बायांची गर्दी. मी मशीन लावलं. माय खाकरली आणि म्हणाली, "नमस्कार. मी बोलत आहे."

तासभर ती पुस्तकातल्यासारखी बोलली. मी वर्षानुवर्षं जे जे सुधारलं होतं ते सगळं तिनं साठवून ठेवलं होतं आणि आता एकेक करून काढत होती. 'मला', 'तुला', 'का बरे'. 'ळ' तर तिनं एकही सोडला नाही. उलट जिथं नको तिथंही घातला. लहानपणी त्यांच्या घरी एक गाळ होती, ती दूध फार द्यायची. चालून चालून पाळ दुखायचे. दारातल्या बाया कौतुकानं मान हलवत होत्या. चप्पल हरवल्याची गोष्ट तिनं सांगितली, पण ती दोन वाक्यांत संपली. "माझे एक पादत्राण हरवले. मग मी घरी आले." मांडीवरचे हात मधूनमधून उगाच हलायचे, बोटं पान वळल्यासारखी एकमेकांवर फिरायची, मग तिच्या लक्षात यायचं आणि ती ते पुन्हा घट्ट धरून ठेवायची.

स्पूल संपला तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता. "झालं काय बरोबर?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "झालं."

मी फार चिडले होते. असा टेप सरांना काय दाखवायचा? बोलीचा एक शब्द त्यात सरळ नव्हता. वर्गासमोर तो वाजला असता, ती गाळ आणि ते पाळ, तर शाळेतला मागचा बाक मला पुन्हा ऐकू आला असता. मी दोन दिवस स्पूल पिशवीत घेऊन फिरले. आमच्या कॉलेजात एक चपराशी होते, रामटेकजवळच्या खेड्यातले, घरी धानाची शेती असलेले. वय झालेलं, बोलायला एक नंबर. बुधवारी दुपारी विभागात कुणी नव्हतं. मी त्यांना म्हटलं, "काका, रोवणीचं सांगा ना." ते स्टुलावर बसले, पान लावलं आणि सुरू झाले. "आता पाय बाई, रोवना म्हनजे काही खेय नोहे," अशी सुरुवात करून त्यांनी चिखलणी, बैल, रोवणीच्या बाया, त्यांची गाणी, मुलखातला दुष्काळ, असं सगळं सांगितलं. स्पूल शेवटच्या इंचापर्यंत भरला. कोरा दुसरा नव्हता. मी तो मायच्या टेपवरच भरत होते. मशीन फिरत होतं, काका बोलत होते, मी खुशीत टिपणं घेत होते. खाली काय पुसलं जातं आहे याचा विचार एकदाही मनात आला नाही. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे.

सर टेप ऐकून खूश झाले. त्यांनी तो वर्गात दोनदा वाजवला, माझ्या टिपणांचं कौतुक केलं, डब्यावर स्वतःच्या हातानं चिठ्ठी लावली आणि विभागाच्या लोखंडी कपाटात ठेवला.

त्या दिवशी मी घरी आले तर माय दारातच उभी. "आयकला काय सरानं?"

"हो."

"मंग? काय म्हनलं?"

"चांगला आहे म्हणाले. कपाटात ठेवून घेतला. कॉलेजातच राहणार आता."

हे बोलायला मला जरासुद्धा जड गेलं नाही. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, फक्त टेप दुसऱ्याचा होता. माय आत गेली आणि तिनं चहा टाकला, साखर जरा जास्त घालून. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तीला कळलं की हिचा आवाज कॉलेजच्या कपाटात ठेवलाय. बाया चेष्टा करायच्या, "आता तुह्यासंगं बोलाचं म्हनजे टिकट काढा लागन." ती हसून म्हणायची, "मंग काय! कालेजातले पोट्टे आयकतेत माहं."

एवढ्यावर थांबलं असतं तर मी विसरले असते. पण त्या दिवसापासून माय माझ्याशी टेपवरचं बोलायला लागली. तिला वाटलं, आपण पास झालो. इतरांशी तिचं जुनंच चालू होतं. मी कॉलेजातून येताना गल्लीच्या वळणावरून मला ऐकू यायचं, कात्रीची कचकच आणि त्यावर तिचा खणखणीत सूर, "अवं, मी म्हनलं, कायले रडतं!" मी ओसरीवर पाय ठेवला की सूर बदलायचा. "आलीस का? पाणी देऊ का तुला?" जणू घरात पाहुणी आली आहे. बोलणं कमीही झालं. नीट बोलायचं म्हणजे विचार करून बोलायचं, आणि विचार करून कोण गोष्टी सांगतो? पुढे पुढे मी गल्लीच्या वळणावरच थोडा वेळ उभी राहायला लागले. भिंतीआड उभं राहून स्वतःच्या आईचं बोलणं चोरून ऐकायचं. एकदा शेजारच्या मावशीनं पाहिलं आणि विचारलं, "इथं काहून उभी वं?" मी चपलेचा पट्टा लावल्यासारखं केलं.

मला एकदाच म्हणायचं होतं, माय, माझ्याशीही तशी बोल. पण ते म्हणायचं तर टेपचं सांगावं लागलं असतं.

पुढे मी त्याच कॉलेजात शिकवायला लागले आणि कॉलेजजवळ राहायला गेले. सर निवृत्त झाले आणि जाताना बुटांची खोकी, कार्डांसकट, मला देऊन गेले. कपाटाची किल्लीही माझ्याकडे आली. मायला तो केवढा अभिमान! आपला आवाज ज्या कपाटात आहे त्याची किल्ली लेकीकडे. दरवर्षी जून महिन्यात ती विचारायची, "नवीन मुलांनी ऐकला का?" मी म्हणायची, "ऐकला."

सरांकडे मी अधूनमधून जायची. एकदा त्यांनी मला काही ग्रीक शिलालेखांच्या नकला दाखवल्या. आडगावच्या कारागिराला मोठ्या शहरासारखं कोरायचं होतं. स्वतःच्या तोंडातला आवाज गावंढळ, म्हणून त्यानं तो सगळीकडून काढला आणि शहराचा घातला, आणि त्या भरात जिथं शहरातलेही घालत नाहीत तिथंही घातला. सर म्हणाले, "बाकीच्या दगडांवरून मला कळतं की लोक कसे बोलायचे. याच्यावरून कळतं की एक माणूस कसा बोलायला धडपडत होता. असे फार थोडे मिळतात. मला सगळ्यांत प्रिय हेच."

मी तिथंच रडायला लागले आणि सगळं सांगून टाकलं. गाळ, पाळ, पांढरी साडी, बुधवारची दुपार. सरांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी एवढंच म्हणाले, "तो हवा होता गं मला." मग म्हणाले, "आई आहे ना अजून? मग रडतेस काय? मशीन उचल आणि जा."

मी उचललं आणि गेले. माय त्या दिवशी बिड्याच वळत होती, एकटी. डोळे कमी झाले होते, पण हात तेच. मशीन बघून हात थांबले.

"हे कशाला आणलेस?"

"पुन्हा एकदा टेप करू, म्हटलं."

"पहिला खराब झाला का?"

तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मी घाईनं म्हटलं, "नाही, नाही. तो आहे. चांगला आहे."

"मग परत कशाला?"

खरं उत्तर तोंडाशी आलं होतं, पण तिनं एवढी वर्षं वस्तीभर सांगितलेलं सगळं त्या एका उत्तरानं खोटं पडणार होतं. मी म्हटलं, "असंच. राहू दे." माय म्हणाली, "एकदा नीट झालंय ते बिघडवू नकोस." आणि तिनं पान उचललं. मी मशीन तसंच रिक्षात घालून परत नेलं. तेव्हा बटण दाबायचं होतं, तिला न विचारता, कात्रीसकट. निदान वाटेतूनच रिक्षा मागे फिरवायला हवी होती. पुढच्या रविवारी जायचं होतं. मी काहीच केलं नाही. पुढच्या पावसाळ्यात मशीन बंद पडलं आणि ते दुरुस्त करणारा कुणी मिळाला नाही.

आज मला तिचा आवाज हवा आहे. शुद्ध, अशुद्ध, ओसरीवरचा नाहीतर खुर्चीवरचा, कसाही. नुसतं 'नमस्कार, मी बोलत आहे' एवढं ऐकायला मिळालं तरी चालेल. सरांसारखी मीही आता वर्गात त्या 'व'च्या जागी पेन्सिलीनं टिचकी देते. मुलं एकमेकांकडे बघून हसतात, आणि मी त्यांना हसू देते.

ऐंशीनंतर तीन-चार वर्षांनी माय आजारी पडली. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात दीड महिना होती. तिथंही सुरुवातीला माझ्याशी नीटच बोलायची. "बस. तू जेवलीस का?" एवढं बोलून थकायची. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी मी तिचे पाय चेपत होते. तिनं डोळे उघडले आणि एकदम तिच्या आवाजात म्हणाली, "काय वं पोट्टे, किती दाबून राहिली? तुहे हात दुखतीन ना."

माझे हात थांबले. किती वर्षांनी ती माझ्याशी असं बोलली होती!

तिलाही ते कळलं. ती ओशाळली. "मले आता तुह्यासारखं नाही बोलता येऊन राहिलं," ती म्हणाली. "जीभच वयत नाही. वाईट नोको मानजो."

"माय, असंच बोल ना," मी म्हटलं. "मला असंच हवंय."

तिनं माझा हात थोपटला. लेक आपली समजूत काढते आहे असं तिला वाटलं असावं. "नाही वं," ती म्हणाली. "हे कायले आयकतं? माही याद आली त कालेजात जाजो. कपाटाची चाबी तुह्याजवयच हाये. काढजो अन् आयकजो. तिथं मी नीट बोलली आहो."

मी 'हो' म्हटलं. ती समाधानानं डोळे मिटून पडून राहिली. किल्ली तेव्हाही माझ्या पर्समध्ये होती.